माणसाचं, पण माणसासाठी नाही

आमच्या घराण्यात ज्याची त्याची कामं ठरलेली आहेत. लग्नात कुणी रुसलं की समजूत घालायला थोरले काका जातात, आचाऱ्याचा अंदाज चुकला की कणकेचं बघायला धाकटी काकू उठते, आणि जेवणं होऊन मंडळी भिंतींना टेकली की सांगायला मी बसतो. काय सांगायचं ते कुणी ठरवून दिलेलं नाही. एस. टी. चुकल्याचं सांगितलं तरी चालतं. माझं बारावीचं गाईड एका शेळीने खाल्लं, ही गोष्ट नव्वद सालानंतर मी किती लग्नांत सांगितली ते आठवत नाही. प्रत्येक लग्नात शेळी जरा मोठी झाली आणि गाईड जरा जाड झालं, एवढं आठवतं.

या एका गुणावर मी टिकून होतो, कारण बाकी बाजू लंगडी होती. बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं. माझ्या बरोबरीच्या चुलतभावांचे गोठे झाले, दुकानं झाली, पोरं झाली, पोरं शाळेत जायला लागली, आणि मी कोल्हापूरला विद्यापीठाच्या माळावर पीएच.डी. करत बसलो होतो. पगार नव्हता, भत्ता होता, तोही लहर येईल तेव्हा यायचा. कुठल्याही कार्याला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला.

"अजून शिकालायस व्हय?"

"शिकत न्हाय, संशोधन करतोय."

"म्हंजे शिकालायसच की."

मी पाण्याचा तांब्या शोधायला उठायचो.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आमच्या सरांना एक प्रकल्प मिळाला आणि त्यातून परदेशातून एक कुपी आली. थर्माकोलचं खोकं एवढं मोठं की त्यात एखादं करडू बसावं. उघडलं तर आत धुरणारा कोरडा बर्फ, बर्फात डबी, डबीत बोटाच्या पेराएवढी कुपी, आणि कुपीत काहीच नाही. उजेडाकडे धरून मान वाकडी केली तर तळाला एक पांढुरकी खूण दिसायची. ते आमचं प्रथिन. नाव ट्रेल. प्रथिन माणसाचं, पण कुठल्या माणसाच्या अंगातून काढलेलं नव्हतं. माणसाच्या जनुकाची नक्कल जिवाणूत बसवतात, जिवाणू वाढवतात, आणि वाढता वाढता ते बिचारे माणसाचं प्रथिन बनवत राहतात.

त्याचं काम एकच, पेशीला मरायला सांगणं. आपल्या अंगात हे रोज चालतं. अशी सांगून मेलेली पेशी फुटत नाही, सांडत नाही. ती आवरतं घेते. स्वतःचे तुकडे करते, त्यांची गाठोडी बांधते, आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. कॅन्सरच्या पेशींबद्दल तक्रारच ही असते की त्या मरायचं विसरतात. ट्रेलचं कौतुक अशासाठी, की प्रयोगशाळेतल्या बशीत बऱ्याच कॅन्सरच्या पेशी त्याचं ऐकत आणि निरोगी पेशींना ते बहुधा त्रास देत नसे. मी बशीत थेंब टाकायचा, थांबायचं आणि मेलेल्या पेशी मोजायच्या. निम्म्या वेळा माझ्या पेशी बुरशी लागूनच मरत आणि ट्रेलचा काही संबंध नसे, ते सोडा.

त्या उन्हाळ्यात कुरुंदवाडजवळ चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जंगम येऊन पूजा करून गेले, गव्हाच्या खिरीचं, म्हणजे हुग्गीचं, आणि आमटीचं जेवण झालं, मंडळी भिंतींना टेकली. कोपऱ्यात मामा बसले होते. मामा म्हणजे माझ्या आत्तीचे, आत्याचे, यजमान. म्हशींशी कानडीत आणि माणसांशी मराठीत बोलणारा, आणि म्हशींशीच जास्त बोलणारा माणूस. त्या वर्षी त्यांच्या जिभेच्या कडेला गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं होतं आणि मिरजेला लाईट चालू होता. लाईट म्हणजे किरणांचा उपचार. आमच्या भागात सगळे त्याला लाईटच म्हणतात. रोज जायचं, फक्त रविवारी सुट्टी, आणि तो रविवार होता. मानेची कातडी भाजून काळी पडली होती. हुग्गी दुधात पातळ करून वाटीत दिली होती, ती तशीच समोर निवत होती.

"काय करतूस रं तिथं नेमकं?" कुणीतरी विचारलं. रोजचाच प्रश्न, पण त्या दिवशी माझ्याकडे उत्तर होतं.

माझा श्रोतावर्ग सगळा दुधातला. म्हणून मी दुधाच्या वाटेनेच गेलो. "एक चमचा विरजणानं पातेलंभर दही रात्रीत लागतं का न्हाय? विरजणात काय आसतंय? बारीक जीव आसतात. तसल्याच जिवांत माणसाच्या अंगातला एक नेमका गुण घालायचा. मग ते वाढत राहत्यात आणि औषध करत राहत्यात."

औषध. हा शब्द कुठून आला मला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही तो कधी वापरत नव्हतो.

"आन ते औषध काय करतंय?"

"कॅन्सरच्या पेशीच्या दारात जाऊन कडी वाजवतंय. म्हणतंय, पावणं, लई दिवस राह्यलासा, आता निघा."

मंडळी हसली. एक काका म्हणाले, "मग पेशी काय म्हणती?"

"पेशी म्हणती, च्या तरी घेऊन जातो की. हे म्हणतंय, च्या न्हाय आन पाणी न्हाय, पिशव्या भरा."

मग मी पेशी पिशव्या कशा भरते ते हातवारे करून दाखवलं. सगळं घर हसत होतं आणि कोपऱ्यात मामा हसत होते. तोंड उघडत नव्हतं म्हणून गालावर हात धरून, डोळ्यांत पाणी आणून हसत होते. आजार निघाल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मी ते बघितलं आणि सुटलो. पेशीची सासूही त्यात आणली.

आत्ती केळीची पानं गोळा करत होती. ती हसली नाही. तिने एकच विचारलं, "आन चांगल्या पेशीला काय करत न्हाय?"

"चांगल्याच्या दाराला हात लावत न्हाय."

"लाईट तर चांगल्याला बी भाजतोय," ती म्हणाली, आणि मामांच्या मानेकडे बघत उभी राहिली.

तेवढ्यात कुणीतरी शेळीची गोष्ट सांग म्हणालं. मी ती सांगितली.

पुढे पंधरवडा गेला असेल. एका सकाळी मी हातमोजे चढवून बसलो होतो, तर प्रयोगशाळेच्या दारात आत्ती. एका हातात किटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"आत्ती? आज हिकडं कुठं गं?"

"विरजण न्यायला आलोय. पहिल्या गाडीनंच निघालो, म्हटलं सकाळच्या पारीच मागावं."

आमच्याकडे विरजण दिवेलागणीनंतर मागत नाहीत आणि कुणी देत नाही. पण सकाळी दारात आलेल्याला मात्र नाही म्हणायचं नसतं. भावकीत कोर्टकचेरी चालू असली तरी चमचाभर दही द्यावं लागतं. आणि मागणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं. आत्तीने सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. डब्यात खरवस होता.

मी हसलो. मला थट्टाच वाटली.

"म्हशीचं दूध चालंल न्हवं?" तिने किटली माझ्या टेबलावर ठेवली, माझ्या नळ्यांच्या शेजारी. "तापवून निववून आणलंय. ह्यातच घाल, म्हंजे वाटंत नासायचं न्हाय. घरी मी विरजण लावतो, रोज वाटीभर देतो त्यास्नी. आन कुणी मागाय आलं तर त्यास्नी बी देतो, त्याची काळजी करू नगंस."

माझं हसू अजून तोंडावरच होतं. ते काढून कुठे ठेवावं ते कळेना. "आत्ती, ते तसलं न्हाय गं. मामांचा लाईट चालू हाय न्हवं?"

"बंद केला."

"कवा?"

"त्या वास्तुशांतीपासनं गेलोच न्हाय. हे म्हणालं, घरचं पोरगं हाय म्हटल्यावर भाजून कशाला घ्यायचं."

हातमोजा मी काढत होतो, तो निम्मा निघाला आणि तसाच बोटांवर लोंबत राहिला. बरोबरीचे दोघे-तिघे विद्यार्थी काम थांबवून ऐकत होते.

"मामा कुठं हायत?"

"खाली झाडाखाली बसवलंय. जिना चढवंना त्यास्नी."

मी साधं खरं सांगायला लागलो आणि मला कळलं की मला ते येत नाही. ते औषध नाही, ते बशीत चालतं, आमच्या बशीतही कधी चालतं कधी नाही. प्रत्येक वाक्य माझ्याच कानाला सबबीसारखं लागत होतं. आत्तीने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एखादी शेजारीण विरजण संपलं म्हणून सांगते ना, तसं.

"सरांची भीती वाटती व्हय तुला? मी इचारतो की त्यास्नी. कुठं बसत्यात?"

मी पुढे होईपर्यंत ती सरांच्या केबिनमध्ये शिरलीसुद्धा. सर उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली. सर मितभाषी, चार वर्षांत त्यांनी मला कामाव्यतिरिक्त एकच गोष्ट विचारली होती, छत्री कुणाची म्हणून. आत्तीने त्यांना माझी सगळी गोष्ट सांगितली. विरजण, कडी, पावणं, पिशव्या. च्या सुद्धा गाळला नाही. एक शब्द वाढवला नाही. माझी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, हातवाऱ्यांशिवाय, मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पेशीची सासू आली तेव्हा सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत्तीकडे.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मावशी, जरा थांबा." आतून ते कुपीची रिकामी डबी घेऊन आले आणि तिच्यासमोर धरली. "हे इथं लिहिलंय बघा. मानवी, म्हणजे माणसाचं. आणि खाली लिहिलंय, फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी वापरू नये."

"माणसाचं हाय आन माणसासाठी न्हाय?"

"हो."

"मग कुणासाठी हाय?"

सरांनी डबी खाली ठेवली. "सध्या तरी आमच्यासाठी. शिकायला."

आत्ती माझ्याकडे वळली. "हे तू त्या दिशी सांगितलं न्हाईस."

"न्हाय."

"इसरलास?"

विसरलो म्हणालो असतो तर त्या खोलीतून जरा बऱ्या मानेने बाहेर पडता आलं असतं. "इसरलो न्हाय. त्यानं गोष्ट बिघडली आसती."

सरांनी खिडकीकडे तोंड केलं. आत्तीने पदर सारखा केला, बाहेर येऊन टेबलावरची किटली उचलली, आणि खरवसाचा डबा मात्र तिथेच ठेवला. "पोरास्नी दे," म्हणाली. पोरांनी नंतर बाहेरच्या कट्ट्यावर बसून तो खाल्ला आणि छान झालाय म्हणाले. मी खाल्ला नाही.

मामा खाली गुलमोहराच्या पारावर बसले होते. आत्ती त्यांच्या शेजारी टेकली. त्यांनी किटलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"न्हाय मिळालं?" बोलणं जड झालं होतं, शब्द तोंडात फिरवून बाहेर काढावा लागे.

"तसलं काय नसतंयच, मामा. मी उगंच बोललो. पेशींचं खरं हाय, बशीत मरत्यात. तुमच्यापर्यंत न्हाय आलेलं ते अजून. कवा येईल ते ठावं न्हाय."

"मग सांगितलंस कशाला?"

"लोक हसत हुते."

"मी बी हसलो," मामा म्हणाले. विद्यार्थी सायकली काढत होते, कुणाची तरी घंटी वाजत होती. "आन लाईटचं? ती बी गोष्टच का?"

"ती गोष्ट न्हाय. त्यानं लोक बरं हुत्यात. सगळी हुत्यातच आसं न्हाय. पण मधी खंड पडाय नको आसतोय. तुमचा पडला. माझ्यामुळं."

"तुझ्यामुळं कशाला," ते म्हणाले. "घोट गिळवंना, थुकी बी येईना तोंडात. कवाचा सोडायचा हुता मला. हिला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, तुझं नाव सांगाय बरं पडलं."

आत्तीने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. एक भाजलेला माणूस पळायला वाट शोधत होता आणि मी हसतहसत त्याला दार उघडून दिलं होतं, दाराला तोरणही बांधलं होतं.

त्याच दुपारी आम्ही तिघं मिरज पॅसेंजरने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद बघितले आणि चष्मा काढला.

"कुणी सांगितलं थांबायला?"

"मीच थांबलो," मामा म्हणाले.

"म्हशी व्याल्यात, घरात माणूस न्हवतं," आत्ती म्हणाली.

दोघंही मला वाचवत होते आणि त्यामुळे माझं आणखीच वाईट झालं. मी म्हणालो, "मी म्हणालो होतो यावर दुसरं औषध आहे म्हणून."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"व्हायचोय अजून."

"कशाचे?"

मी जीवरसायनशास्त्राचा म्हणालो. मागे बाकावर कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. खंड भरून काढायला लाईट वाढवून द्यावा लागेल म्हणाले, भाजेलही जास्त, आणि एवढं करून पहिल्यासारखा उपयोग होईल याची खात्री नाही.

राहिलेले लाईट मामांनी पूर्ण केले. जमेल त्या दिवशी मी कोल्हापूरहून मिरजेला जाऊन त्यांच्याबरोबर बसत असे. आत्तीला धारा चुकवता येत नव्हत्या. गाठ दोन-अडीच वर्षं गप्प राहिली, मग मानेत उठली, आणि त्यातच मामा गेले. मधे माझी पीएच.डी. झाली. ट्रेलचं पुढे मोठ्या देशांत माणसांवर करून बघितलं, फार काही हाती लागलं नाही, असं वाचलं. मामा गेल्यावर मी एकदा त्याच डॉक्टरांना गाठून विचारलं, तो खंड पडला नसता तर? "सांगता येणार नाही," ते म्हणाले. पहिल्या दिवशी जसे कडक बोलले होते तसे बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले.

पण मला दवाखाना म्हटलं की लाईटच्या खोलीबाहेरच्या बोळातला लांब बाक आठवतो. तिथे मामांनी एक नवंच सुरू केलं होतं. शेजारी नवीन पेशंट बसला की मामा, ज्यांना घोटभर पाणी गिळताना डोळे मिटावे लागत, ते माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "हा बायकोचा भाचा. कॅन्सरवर काम करालाय, इद्यापीठात." आणि मग मी काय सांगतो ते ऐकत गप्प बसायचे. थट्टा होती की शिक्षा होती, मी त्यांना विचारलं नाही. मला दर खेपेला ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागे, आणि पेशीच्या सासूशिवाय.

लाईटच्या शेवटच्या आठवड्यात हुपरीची एक बाई होती. नवरा पैंजण घडवणारा, गळ्यात गाठ, नुकताच लाईट सुरू झालेला. मामांनी बोट केलं तशी ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, आमच्यासाठी कायतरी बगा की. हे भाजून घ्याय तयार न्हाईत."

"ताई, ते औषध न्हाय. बशीतल्या पेशींवर टाकून बघतोय. माणसाला देत न्हाईत. तुम्ही लाईट चुकवू नका."

"पण पुढं-मागं हुईल की?"

सगळा बाक माझ्याकडे बघत होता. तिचा नवराही. मी नुसतं 'हुईल की' म्हणालो असतो तर त्या बोळातल्या तोंडांवर काय उमटलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. कडी, पावणं, सगळं जिभेवर तयार होतं.

"ठावं न्हाय," मी म्हणालो.

ती जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. विरजण घरात असून देत नाही, अशा माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"बस," मामा म्हणाले. मी बसलो. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते बाकाला धरून उठले, आत गेले, दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. मी फरशीकडे बघत राहिलो, कारण ती बाई अजून माझ्याकडेच बघत होती.